शोधनिबंध पाठवण्यापूर्वी : बोगस शोधपत्रिका ओळखण्याची रीत

पीएच.डी.ची नोंदणी होऊन जेमतेम सहा महिने झालेले असतात, विषयाची मांडणी अजून मार्गदर्शकांच्या पसंतीस उतरलेली नसते, आणि विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश येऊन पडतो : ‘शोधनिबंध मागवीत आहोत. आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, समीक्षित मासिक. आयएसएसएन प्राप्त. इम्पॅक्ट फॅक्टर ८.२. यूजीसी केअर मान्य. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांतील निबंध स्वीकारले जातील. निबंध पाठवण्याची अंतिम तारीख २५, प्रकाशन ३०. शुल्क फक्त १,५०० रुपये. ई-प्रमाणपत्र त्वरित.’ हा मजकूर कोणा एका प्रकाशकाचा नाही. थोड्याफार फरकाने असे संदेश सगळीकडे फिरत असतात. संशोधनपद्धतीच्या वर्गात मी दरवर्षी असा एक संदेश फळ्यावर लिहितो आणि त्यातले एकेक विधान विद्यार्थ्यांकडून तपासून घेतो. या लेखात तेच करायचे आहे.

आधी नावाविषयी. इंग्रजीत ज्यांना ‘प्रिडेटरी जर्नल’ म्हणतात त्यांना आपल्याकडे बोलताना सरळ ‘बोगस जर्नल’ म्हटले जाते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील ग्रंथालयात काम करणाऱ्या जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास हा इंग्रजी शब्द रूढ केला आणि अशा प्रकाशकांची यादी चालवली. जानेवारी २०१७ मध्ये ती त्यांनी बंद केली. अशी शोधपत्रिका लेखकाकडून पैसे घेते, पण त्या पैशांच्या बदल्यात जे काम व्हायला हवे, म्हणजे तज्ज्ञांकडून समीक्षा, संपादन, दुरुस्ती आणि निबंधाचे कायमस्वरूपी जतन, ते करत नाही, आणि तरीही ते केल्याचा दावा करते. पैसे घेणे हा दोष नव्हे, खोटा दावा हा दोष आहे. हा फरक सुरुवातीलाच मनात पक्का केला, तर पुढची तपासणी सोपी जाते.

आपल्याकडे हा व्यवसाय का फोफावला, हेही समजून घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले, आणि २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या निवडीला व पदोन्नतीला ‘एपीआय’ या शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाचे गुण जोडले. किती निबंध छापले हे मोजणे सोपे होते. ते कसे आहेत हे पाहणे अवघड होते. गरज एकदम वाढली आणि ती भागवणारी दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत उघडली. यात लुबाडला जातो तो मुख्यतः नवखा संशोधक, कारण अनुभवी माणसाला नियमाला वळसा घालून जायचे असेल तर तो जाणूनबुजून जातो, पण नवख्याला आपण काय करत आहोत हे कुणी सांगितलेलेच नसते.

पहिली पायरी : संदेश बाजूला ठेवा आणि आपली संदर्भसूची उघडा

निबंध कुठे पाठवायचा याचा शोध आलेल्या निमंत्रणापासून सुरू करू नये. तुम्ही निबंधासाठी जे वीस-पंचवीस लेख वाचले, ज्यांच्याशी तुमचे म्हणणे जुळते किंवा भांडते, ते कोणत्या शोधपत्रिकांत आले होते याची एका कागदावर नोंद करा. दोनदा-तीनदा आलेली नावे वेगळी काढा. तुमच्या विषयाचे वाचक तिथे आहेत, म्हणून तुमचा निबंधही तिथे वाचला जाण्याची शक्यता आहे. ही पायरी प्रामाणिकपणे केली तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. उलट, अशी यादी करताना सूचीत फक्त गूगलवर सापडलेले उतारे आणि इतरांचे प्रबंधच निघाले, तर निबंध पाठवण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

लहान गावातल्या विद्यार्थ्यांची तक्रार असते की चांगल्या शोधपत्रिका वाचायलाच मिळत नाहीत. ती तक्रार अनेक वर्षे खरी होती. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेखाली जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे तीस प्रकाशकांच्या १३,००० शोधपत्रिका खुल्या झाल्या आहेत, आणि तिचे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे आहे. आपली संस्था त्यात येते का, हे आपल्या ग्रंथपालांना जाऊन विचारा.

दुसरी पायरी : तारखा पाहा

संदेशात अंतिम तारीख २५ आणि प्रकाशन ३०. मध्ये पाच दिवस. एवढ्या वेळात संपादकाने निबंध वाचायचा, त्या विषयाचे दोन तज्ज्ञ शोधायचे, त्यांनी होकार द्यायचा, वाचून अहवाल लिहायचा, लेखकाने दुरुस्त्या करायच्या, त्या पुन्हा तपासायच्या आणि मुद्रितशोधन करायचे. हे होऊ शकत नाही. खऱ्या समीक्षेला आठवडे नव्हे, बहुधा महिने लागतात, आणि समाजशास्त्रांत किंवा भाषाविषयांत वर्षभरही जाऊ शकते.

एकदा एक विद्यार्थिनी चौथ्या दिवशी आलेले स्वीकृतिपत्र घेऊन मोठ्या आनंदाने माझ्याकडे आली. पत्रात लिहिले होते की दोन समीक्षकांनी निबंधाची वाखाणणी करून तो कोणत्याही बदलाशिवाय छापण्याची शिफारस केली आहे. मी तिचा निबंध मागून घेतला. तिसऱ्या पानावर ‘तक्ता क्र. २ मध्ये दर्शविल्याप्रमाणे’ असे वाक्य होते आणि सबंध निबंधात तक्ता क्र. २ नव्हता, पाठवण्याच्या घाईत तो जोडायचाच राहिला होता. निष्कर्ष त्या तक्त्यावर उभे होते. कुणी एकदा जरी निबंध वाचला असता, तरी पहिला प्रश्न तोच आला असता. तिने पैसे भरले नव्हते, म्हणून गोष्ट तिथेच थांबली.

हे एकट्यादुकट्याच्या बाबतीत घडते असे नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट वैज्ञानिक निबंध नावे बदलून ३०४ मुक्त-प्रवेश (म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) शोधपत्रिकांकडे पाठवला होता. त्यांपैकी १५७ जणांनी तो स्वीकारला आणि ९८ जणांनी नाकारला. म्हणून समीक्षेचा दावा वाचून थांबू नका. समीक्षकांचे अहवाल लेखकाला दिले जातात का, छापलेल्या निबंधांवर ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ अशा तारखा आहेत का, आणि त्यांत अंतर किती आहे, हे पाहा.

तिसरी पायरी : आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर आणि ‘मान्यता’

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यासाठी असतो. वाहनाचा नोंदणी क्रमांक जसा चालकाला गाडी येते की नाही हे सांगत नाही, तसाच हा क्रमांक शोधपत्रिकेच्या दर्जाविषयी काहीही सांगत नाही. तरी तो तपासावा, कारण काही ठिकाणी तो दुसऱ्याच नियतकालिकाचा निघतो. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव आणि देश समोर येतो. संदेशातले नाव आणि तिथले नाव अक्षरशः जुळायला हवे. डीओआय क्रमांकालाही हेच लागू आहे. तो निबंधाचा कायमचा पत्ता आहे, गुणपत्रक नव्हे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द क्लॅरिव्हेट या कंपनीच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मधल्या, शोधपत्रिकेतल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा हवाला दिला हे सांगणाऱ्या आकड्यासाठी वापरला जातो. त्या शब्दाआधी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणे लावून आकडे विकणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. भाषाविषयक बहुविद्याशाखीय मासिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर आठच्या पुढे सांगितला जात असेल, तर त्या मासिकाचे नाव क्लॅरिव्हेटच्या ‘मास्टर जर्नल लिस्ट’मध्ये शोधा, ही यादी कुणालाही पाहता येते. स्कोपस या आंतरराष्ट्रीय निबंधसूचीतल्या शोधपत्रिकांची यादीही मोफत पाहता येते, आणि मुक्त-प्रवेश शोधपत्रिकांसाठी २००३ पासून चालत आलेली डीओएजे ही निर्देशिका आहे. शोधपत्रिकेच्या संकेतस्थळावरील बोधचिन्हांवर विश्वास ठेवू नका. बोधचिन्ह चिकटवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या त्या यादीत स्वतः जाऊन नाव शोधायला हवे.

‘यूजीसी केअर मान्य’ या शब्दांविषयी जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण महाराष्ट्रात सर्वांत जास्त फसवणूक याच शब्दांनी होते. आयोगाने २०१७ मध्ये मान्य शोधपत्रिकांची एक प्रचंड यादी प्रसिद्ध केली, आणि तीत विद्यापीठांनी सुचवलेली नावे फारशी न पारखता आली. पुण्यातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या १,००९ शोधपत्रिका तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८८ टक्क्यांहून अधिक शोधपत्रिका निकृष्ट ठरल्या. कुठे पत्ता नव्हता, कुठे संपादकांची नावे नव्हती, कुठे आयएसएसएन चुकीचा होता, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा होता. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ शोधपत्रिका यादीतून काढल्या आणि २०१९ च्या जूनमध्ये नवी ‘केअर’ यादी आणली, जिच्या तपासणीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि शोधपत्रिका पारखण्याची जबाबदारी सुचवलेल्या निकषांसह शिक्षणसंस्थांवर सोपवली. म्हणजे आज नव्याने निबंध मागवताना ‘केअर मान्य’ म्हणणारा प्रकाशक अस्तित्वात नसलेल्या मान्यतेचा हवाला देत असतो.

इथे एक काम लगेच करण्यासारखे आहे. आपल्या विद्यापीठाचा सध्याचा पीएच.डी. अध्यादेश लेखी मिळवा आणि स्वतः वाचा. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकते, पण ती नेमकी काय आहे हे वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या ऐकीव माहितीवरून ठरवू नये. अस्तित्वात नसलेली अट पूर्ण करण्यासाठी पैसे भरलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

याद्या उपयोगी असतात, पण त्यांच्यावर सगळा भार टाकता येत नाही. हिंदावी हा मुक्त-प्रवेश प्रकाशक वायली या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचा आणि नामांकित सूच्यांत असलेला होता. तरी समीक्षेत संघटित गैरप्रकार झाल्याचे उघड झाल्यावर २०२३ या एका वर्षात त्याला ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. शिवाय, खऱ्या शोधपत्रिकेचे नाव आणि क्रमांक वापरून बनावट संकेतस्थळ उभारण्याचाही प्रकार आहे. त्यामुळे सूचीत नाव सापडले तरी संकेतस्थळाचा पत्ता त्या सूचीतूनच उघडावा, संदेशातल्या दुव्यावरून नव्हे.

चौथी पायरी : अंक वाचा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही. त्या शोधपत्रिकेचे मागचे दोन अंक उघडा आणि अनुक्रमणिका सावकाश वाचा. एकाच अंकात अभंगांतील स्त्रीजाणीव, सोयाबीनवरील कीड, मोबाइल बँकिंग, कबड्डीपटूंचा आहार आणि नॅनोकणांचे संश्लेषण अशी शीर्षके एकाखाली एक दिसली, तर स्वतःला विचारा की हे सगळे पारखू शकणारे संपादक मंडळ कसे असेल. अनेक विषयांना जागा देणारी चांगली शोधपत्रिका असू शकते. ‘करंट सायन्स’ हे विज्ञानातले आणि मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे समाजशास्त्रांतले जुने उदाहरण आहे. पण तिथे प्रत्येक विषय जाणणारी माणसे असतात आणि त्यांची नावे लपवलेली नसतात.

मग आपल्या विषयाजवळचे तीन निबंध निवडून शेवटपर्यंत वाचा. संदर्भसूचीतले लेख मजकुरात खरोखर वापरले आहेत का, दोन परिच्छेदांची भाषा अचानक बदलते का, निष्कर्षात ‘शासनाने यावर उपाययोजना करावी’ यापलीकडे काही आहे का, आणि शुद्धलेखनाकडे एकदा तरी कुणी पाहिले आहे का, हे तपासा. तासाभरात मन कौल देते. आपला निबंध या निबंधांच्या शेजारी छापला गेलेला पाहून बरे वाटेल का, हा साधा प्रश्न कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

संपादक मंडळाची नावेही इथेच पाहून घ्या. यादीतल्या दोघांची नावे त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथल्या अधिकृत ईमेलवर नम्रपणे विचारा की आपण खरोखर या मंडळावर आहात का. पोलंडमधल्या संशोधकांनी ‘आना ओ. शुस्त’ या काल्पनिक विदुषीच्या नावाने, संपादकपदाला अजिबात न शोभणाऱ्या माहितीपत्रकासह, ३६० शोधपत्रिकांकडे अर्ज केले होते. पोलिश भाषेत ‘ओशुस्त’ म्हणजे ठग. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी सांगितले की ४८ शोधपत्रिकांनी तिला मंडळावर घेतले आणि त्यांतल्या काहींनी तर थेट मुख्य संपादक केले. जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधल्या एकाही शोधपत्रिकेने मात्र तिला घेतले नाही.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांसाठी

वर सांगितलेल्या कसोट्या जशाच्या तशा मराठीतील नियतकालिकांना लावल्या तर अन्याय होईल, आणि हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’, पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ किंवा मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’ यांना मराठीच्या अभ्यासकांनी दशकानुदशके जो मान दिला, तो कोणत्याही इम्पॅक्ट फॅक्टरमुळे नव्हे. साधनांची चणचण आणि फसवणूक या वेगळ्या गोष्टी आहेत. अंक उशिरा निघणे, संकेतस्थळ साधे असणे, ईमेलला उत्तर सावकाश येणे हे बोगसपणाचे लक्षण नव्हे. उलट चकचकीत संकेतस्थळ आणि दोन तासांत आलेले गोड उत्तर पाहूनच सावध व्हावे. मराठी नियतकालिकासाठी कसोटी अशी ठेवा : संपादक कोण आहेत, त्यांनी स्वतः काय लिहिले आहे, त्यांनी कधी कुणाचा लेख साभार परत केला आहे का, आणि तुमच्या विषयातले जाणते लोक त्या अंकातल्या लेखांचा हवाला देतात का. हे मार्गदर्शकांना किंवा दुसऱ्या विद्यापीठातल्या एखाद्या अभ्यासकाला विचारून कळते.

आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्राचा विशेषांक. नोंदणीशुल्कातच निबंधाचे प्रकाशन धरलेले असते, आदल्या आठवड्यात निबंध मागवले जातात आणि चर्चासत्राच्या उद्घाटनालाच दोनशे निबंधांचा जाडजूड अंक प्रकाशित होतो, म्हणजे चर्चा होण्याआधीच. चर्चासत्राला अवश्य जा, निबंध वाचा, प्रश्न ऐकून घ्या. पण तोच निबंध विशेषांकात देऊ नका. मिळालेल्या सूचनांनुसार तो सुधारा आणि योग्य शोधपत्रिकेकडे पाठवा.

पाचवी पायरी : शुल्क

अनेक चांगल्या शोधपत्रिका लेखकाकडून काहीच घेत नाहीत. काही मुक्त-प्रवेश शोधपत्रिका घेतात आणि ती रक्कम मोठीही असते, पण ती संकेतस्थळावर आधीच स्पष्ट लिहिलेली असते, समीक्षेचा निकाल लागल्यानंतर मागितली जाते आणि पुष्कळदा सवलतीसाठी अर्ज करता येतो. रक्कम लपवलेली असणे, स्वीकृतीआधीच मागणे, कुणा व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर पाठवायला सांगणे किंवा सहलेखकामागे वेगळे पैसे लावणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तिथेच थांबावे. प्रमाणपत्राचा उल्लेख ठळक असेल तरीही थांबावे, कारण प्रसिद्ध झालेला निबंध हाच स्वतःचा पुरावा असतो.

अडकलाच असाल तर

निबंध पाठवला आहे पण छापला गेलेला नाही, अशा वेळी त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवा की निबंध मागे घेत आहे आणि प्रकाशनाला संमती नाही. पैसे भरू नका, स्वामित्वहक्काच्या कागदावर सही करू नका. काही प्रकाशक मग निबंध मागे घेण्याचेच शुल्क मागतात. ते देऊ नका आणि पुढच्या धमकीवजा ईमेलांना घाबरू नका. हैदराबादच्या ऑमिक्स या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये जी तक्रार केली, तिच्यात समीक्षेचे खोटे दावे, संमतीशिवाय छापलेली संपादकांची नावे, लपवलेले शुल्क आणि निबंध मागे घेऊ न देणे हेच आरोप होते. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक स्पष्ट असेल, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा आणि पावती व संभाषण जपून ठेवा. मार्गदर्शकांना सांगायला लाजू नका. उशीर जितका, तितके सोडवणे अवघड.

निबंध छापला गेलाच असेल, तर काढून टाकण्याची विनंती करा, पण ती मानली जाईल अशी आशा धरू नका. तोच निबंध नाव बदलून दुसरीकडे मुळीच पाठवू नका, कारण ते दुबार प्रकाशन ठरते आणि मग दोष तुमच्याकडे येतो. त्या कामात नवी माहिती, नवे विश्लेषण किंवा विस्तृत मांडणी घालण्यासारखे असेल तर नव्याने लिहा, आधीच्या प्रकाशनाचा उल्लेख तळटीपेत करा आणि नव्या संपादकांना निबंधासोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात सारे सांगा : कधी, कुठे छापले गेले, मागे घेण्यासाठी काय केले, आणि आता यात नवे काय आहे.